इन्सुलिन डुकराचं असतं का?

सक्करदऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अजून येतो. "डॉक्टरसाहेब, इन्सुलिन डुकरापासून बनते म्हणतात. गोळ्याच वाढवून द्या ना!" हसण्यावारी नेऊ नये असा प्रश्न आहे, कारण एकेकाळी ते खरंच होतं.

1922 साली टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं, ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. पुढची साठेक वर्षं जगाचं इन्सुलिन कत्तलखान्यातूनच आलं. आपल्या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं असतात. डुकराचं त्याहून एका ठिकाणी वेगळं, गाईचं तीन ठिकाणी. फरक एवढासा, पण काहींना ॲलर्जी व्हायची, सुई टोचलेल्या जागी खड्डे पडायचे.

1978 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे काम ई. कोलाय या जिवाणूला लावलं. हो, लघवीच्या रिपोर्टमध्ये ज्याचं नाव वाचून तुम्ही घाबरता तोच. फक्त त्याची प्रयोगशाळेत वाढवलेली, निरुपद्रवी जात. इन्सुलिनचा जनुक त्यांनी कोणा माणसातून काढला नाही, रसायनांपासून जुळवला. तो डीएनएच्या एका छोट्या कड्यात बसवला आणि ते कडं जिवाणूत सोडलं. जिवाणू वाढताना स्वतःच्या प्रथिनांसोबत आपलं इन्सुलिनही बनवू लागला. इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून करून घेऊन नंतर जोडल्या होत्या. 1982 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जनुक बदलून केलेलं बाजारातलं हे पहिलं औषध.

महाराष्ट्रात हे तंत्र पोहोचायला वेळ लागला. 2003 मध्ये वोखार्ट कंपनीचं औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) मानवी इन्सुलिन बाजारात आलं. तिथे मात्र जिवाणूऐवजी यीस्ट वापरलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच ते भाऊबंद.

"म्हणजे आता जंतू टोचून घ्यायचे?" हा पुढचा प्रश्न. नाही हो! इन्सुलिन वेगळं काढून, अनेकदा शुद्ध करूनच बाटलीत भरतात. दही लावताना विरजण दह्यातच राहतं, तसं इथे नाही.

तुमच्या बाटलीवर 'ह्यूमन' आणि 'आरडीएनए' लिहिलंय का बघा. 'ह्यूमन' म्हणजे माणसातून काढलेलं नव्हे, माणसाच्या इन्सुलिनसारखं हुबेहूब. पुढच्या वेळी बाटली सोबत आणा, आपण मिळून वाचू. तोवर चालू असलेलं इन्सुलिन मनानं बंद करू नका.