विज्ञानाची तिजोरी आणि कल्याणाचे खाते

फेलोशिपचे पैसे थकले की आपली पोरे उपोषणाला बसतात, निवेदने देतात. मंत्री येतात, आश्वासन देऊन जातात. या धावपळीत एक प्रश्न मागे राहतो, तो आम्हाला इथे मांडायचा आहे. आपल्या संशोधकाचा पैसा सामाजिक न्याय खात्यातून का येतो? देशात विज्ञान मंत्रालय आहे, त्याचे हजारो कोटींचे बजेट आहे. यूजीसी आणि सीएसआयआरच्या जेआरएफमध्ये राखीव जागा आहेत हे खरे. पण खास आपल्यासाठी असलेली राष्ट्रीय फेलोशिप असो की परदेशी शिष्यवृत्ती, ती 'कल्याण' या शीर्षकाखाली. हे कसे झाले हे समजायला १९४२ सालात जावे लागते.

दुसरे महायुद्ध सुरू होते. युरोपातून येणारी रसायने, औषधे, यंत्रे अडली आणि इंग्रज सरकारला अचानक भारतातल्या संशोधनाची आठवण झाली. १९४० साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले, शांतीस्वरूप भटनागर त्याचे संचालक. नोव्हेंबर १९४१ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल १० लाख रुपये मंजूर केले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी सीएसआयआर उभी राहिली. तिची रचना नीट लक्षात घ्या : पैसा सरकारचा, पण संस्था स्वायत्त. तो कुठे खर्च करायचा हे ठरवणार शास्त्रज्ञ, अधिकारी आणि उद्योगपती. भारतात सरकारी पैशातून संशोधन चालवण्याचा हा साचा पुढे बराच टिकला.

त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. सीएसआयआर स्थापन होऊन जेमतेम महिना होतो आणि २९ ऑक्टोबर १९४२ ला ते गव्हर्नर जनरलकडे अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन देतात. आपल्याकडे या निवेदनातला नोकऱ्या आणि प्रतिनिधित्वाचा भाग वाचला जातो, शिक्षणाचा भाग मात्र घाईने उलटला जातो. त्यात बाबासाहेब म्हणतात की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे. स्वतः कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा पंडित असलेला माणूस हे लिहितो!

मागणीही मोघम नाही. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी वर्षाला २ लाख, परदेशातल्या शिक्षणासाठी १ लाख. एकूण ३ लाखच का? कारण बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार तेव्हा दरसाल प्रत्येकी तेवढेच अनुदान देत होते. तिथे देता, मग इथे का नाही, एवढा सरळ हिशेब. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची मागणी होतीच.

१९४४ पासून ३ लाखांची शिष्यवृत्ती सुरू झाली, काही विद्यार्थी परदेशीही गेले. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथूनच आली. आपल्यातले किती जण तिच्यावर शिकले हे वेगळे सांगायला नको. पण सरकारने काय केले ते पाहा. एका हाताने संशोधनाची तिजोरी उघडली, दुसऱ्या हाताने शिष्यवृत्ती दिली, आणि दोन्ही हात एकमेकांना कधी भेटू दिले नाहीत. शिष्यवृत्तीवर शिकलेला पोरगा त्या तिजोरीपर्यंत, जिथे प्रकल्प मंजूर होतात तिथपर्यंत पोहोचेल कसा, याची वाट कोणी आखली नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मधली, म्हणजे संविधान लागू झाले त्याच महिन्यातली. पण विज्ञानाच्या दारात संविधानाला थांबवण्याची सोय पुढे लेखी करण्यात आली. २३ जून १९७५ च्या कार्मिक विभागाच्या आदेशाने संशोधन करणारी किंवा त्याचे मार्गदर्शन, संचालन करणारी गट 'अ' मधली वैज्ञानिक पदे, सर्वात खालची पायरी सोडून, आरक्षणातून वगळता येऊ लागली. (दोन दिवसांनी आणीबाणी आली, तिची चर्चा आजही होते. या आदेशाची कोण करतो?) २००६ च्या केंद्रीय शिक्षणसंस्था आरक्षण कायद्यातही टीआयएफआरसारख्या आठ संस्था परिशिष्टात टाकून बाजूला काढल्या.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. संशोधन प्रकल्पाचे अनुदान मागायला साधारणपणे नियमित पद लागते. पद नाही तर अर्ज नाही, आणि वरच्या पदावर माणूस नाही तर अर्ज तपासणाऱ्या समितीतही माणूस नाही. मग 'गुणवत्तेवर निवड झाली' असे म्हणायला कोणाची हरकत असणार?

आता नवे पर्व. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले. पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. २०२५ मध्ये खासगी क्षेत्राच्या संशोधनाला स्वस्त कर्जे मिळावीत म्हणून १ लाख कोटींची योजना मंजूर झाली. देशाचा एकूण संशोधन खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, तो वाढायलाच हवा, याला आमचा विरोध नाही. पण जिथे सरकारी नोकरीतही आरक्षण अडवले गेले, तिथे पैसा उद्योगांच्या मर्जीवर गेल्यावर काय उरेल?

आणि आपल्या कल्याणाच्या खात्यात याच काळात काय घडले? २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज हे विषय वगळले. सयाजीरावांच्या बडोद्याच्या पैशावर कोलंबियाला गेलेल्या भीमरावांनी ९ मे १९१६ रोजी तिथे जातीवर निबंध वाचला होता. आज तोच विषय घेऊन या शिष्यवृत्तीवर जायला निघालेल्याला परवानगी मिळणार नाही.

म्हणून फेलोशिपच्या आंदोलनाबरोबर हे दुसरे काम हाती घ्यावे असे आमचे म्हणणे आहे. प्रत्येक केंद्रीय प्रयोगशाळेला आणि विज्ञान विभागाला माहितीच्या अधिकारात विचारा : १९७५ च्या आदेशाखाली तुमची कोणती पदे वगळली आहेत, वरच्या श्रेणीत अनुसूचित जाती-जमातींचे किती शास्त्रज्ञ आहेत, गेल्या पाच वर्षांत मंजूर प्रकल्पांचे प्रमुख कोणत्या प्रवर्गातले, आणि निवड समित्यांवर कोण होते. ही नोंदच ठेवत नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्या. अर्जाला दहा रुपये लागतात.