पाच सुयांचा स्वेटर

गळ्याभोवतीचा गोल मफलर शिकवताना मी मुलींना आधी ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या ‘गॅन्सी’ स्वेटरचे फोटो दाखवते. सुलट आणि उलट, एवढ्या दोनच टाक्यांतून उठवलेली नक्षी. रंग बहुधा गडद निळा. पाच बारीक पोलादी सुया, पीळदार लोकर आणि वीण इतकी घट्ट की वाऱ्याला आत शिरायची सोय नाही. अंग सलग गोल विणलेलं, त्यामुळे बाजूला शिवण नाही. काखेत शंकरपाळ्यासारखा जास्तीचा तुकडा, जाळं ओढताना हात अडू नये म्हणून. मला सर्वांत आवडते ती बाही. खांद्याशी टाके उचलायचे आणि मनगटाकडे विणत जायचं. मनगट झिजलं की तेवढंच उसवा, पुन्हा विणा, स्वेटर चालू!

हेरिंग माशांच्या हंगामात स्कॉटलंडच्या मुली बोटींच्या मागोमाग दक्षिणेला ग्रेट यार्मथपर्यंत जायच्या. तिघींची टोळी: दोघी मासे साफ करणार, तिसरी मिठाचे थर देत पिंपं भरणार. सुरीने कापू नये, मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या. चिंध्या सुटल्या की हातात सुया, चालताचालतासुद्धा विणकाम.

बुडालेल्याचं प्रेत गावच्या नक्षीवरून ओळखायचे, ही लाडकी गोष्ट मी सांगत नाही. अशा मुलींबरोबर नक्ष्या गावोगाव फिरत होत्या. त्या समजाला बळ दिलं सिंग या नाटककाराच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ या आयरिश नाटकाने, आणि तिथेही ओळख पटते ती मोज्यावरून, सुटलेल्या टाक्यांवरून. काही जणी स्वेटरवर नावाची आद्याक्षरं विणत, हे मात्र खरं.