शेजाऱ्याचं राष्ट्रगीत

फेब्रुवारी २०१६ची गोष्ट. गुवाहाटीत दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. वेटलिफ्टिंगमध्ये बांगलादेशच्या माबिया अख्तरनं सुवर्णपदक पटकावलं. ती विजयमंचावर उभी राहिली, 'आमार शोनार बांगला'चे सूर वाजू लागले आणि सलामीसाठी उचललेला हात तसाच ठेवून ती हमसून हमसून रडू लागली.

मी कवितेतला माणूस. मैदानाशी माझं नातं टाळ्या वाजवण्यापुरतं. पण ते दृश्य पाहताना मनात आलं, हे गीत रवींद्रनाथांचं आणि आपलं 'जन गण मन'ही त्यांचंच. म्हणजे यजमान जिंकला काय किंवा बांगलादेशी पाहुणा जिंकला काय, वाजणार एकाच कवीचं गाणं! श्रीलंकेचं राष्ट्रगीत रचणारे आनंद समरकून हेही शांतिनिकेतनात शिकलेले.

या स्पर्धा सुरू झाल्या सप्टेंबर १९८४मध्ये, काठमांडूत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव असे सात देश उतरले. तेव्हा त्यांना 'सॅफ गेम्स' म्हणत. 'सार्क' संघटनेची स्थापना त्यानंतरची, डिसेंबर १९८५ची, ढाक्यातली. राष्ट्रप्रमुखांनी तिथं सह्या करण्याआधी खेळाडू एका मैदानावर येऊन गेले होते. पुढे २००४मध्ये इस्लामाबादच्या स्पर्धेत अफगाणिस्तानही सामील झाला.

पदकतक्ता पाहिला, तर प्रत्येक वेळी भारत पहिला. २०१९मध्ये काठमांडूत आपण १७४ सुवर्णपदकं मिळवली. मग एवढ्या सोप्या स्पर्धेत आपल्याला काय मिळतं, असं कुणी विचारतं. हा प्रश्न शेजाऱ्याच्या अंगणातून पाहायला हवा.

ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळालं, तरच राष्ट्रगीत वाजतं. २०२४च्या पॅरिसपर्यंतचा हिशेब मांडा. या आठ देशांपैकी ते भाग्य फक्त भारत आणि पाकिस्तानला लाभलं. श्रीलंकेची दोन रौप्यपदकं, अफगाणिस्तानची दोन कांस्यपदकं. बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि मालदीव यांची पाटी कोरी. या देशांच्या पोरांना परक्या भूमीवर आपलं गीत ऐकायचं, तर ते बहुधा इथंच. माबिया का रडली, ते मग कळतं.

म्हणून त्या त्या देशात या स्पर्धांच्या आठवणी जपल्या जातात. पहिल्याच स्पर्धेत नेपाळनं बांगलादेशला हरवून फुटबॉलचं सुवर्ण घेतलं. बांगलादेशचा शाह आलम १९८५ला ढाक्यात आणि १९८७ला कोलकात्यात १०० मीटर धावण्यात पहिला आला. १९९०मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. पण त्याचं नाव तिथं अजून निघतं.

नेपाळची कथा आणखी वेगळी. १९८४ आणि १९९९ला काठमांडूत नेपाळी खेळाडू जिंकला, की राजाचं गुणगान करणारं गीत वाजे. राजाची सत्ता गेली आणि २००७मध्ये ब्याकुल माइला या कवीचं गीत राष्ट्रगीत झालं. त्याला चाल लावली अंबर गुरुंग यांनी, आणि त्यांचा जन्म आपल्या दार्जिलिंगचा. २०१९ला काठमांडूत हे नवं गीत तब्बल ५१ वेळा वाजलं.

गुवाहाटीतच भालाफेकीत आपला नीरज चोप्रा पहिला आला होता आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम तिसरा. दोघंही तेव्हा कोवळे. २०१९ला अर्शदनं काठमांडूत ८६.२९ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं आणि टोकियो ऑलिम्पिकचं दार उघडलं. पॅरिसला अर्शद पहिला, नीरज दुसरा. त्या दिवशी नीरजची आई अर्शदबद्दल म्हणाली, तोही आमचाच मुलगा. तिकडं अर्शदच्या आईनंही नीरजला मुलगाच मानलं.

सार्कची शिखर परिषद २०१४मध्ये काठमांडूत झाली. २०१६ची इस्लामाबादला व्हायची होती, ती रद्द झाली. तरी २०१९ला खेळाडू भेटले. त्यानंतरची स्पर्धा पाकिस्तानात ठरली होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

नुकसान पदकांचं नाही. गीत कुणाचंही वाजो, मैदानावरचा प्रत्येक माणूस उठून उभा राहतो. शेजाऱ्याच्या गाण्यासाठी उभं राहण्याची ही सवय आहे. ती मोडू नये, एवढंच वाटतं.