च्यवनाचे यौवन

दिल्लीच्या नैऋत्येस, हरियाणा व राजस्थान यांच्या सीमेवर, नारनौल गावाजवळ ढोसी नावाची टेकडी आहे. हा महेंद्रगड जिल्ह्याचा मुलूख आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. च्यवन ऋषींचा आश्रम याच टेकडीवर होता, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. जराजर्जर च्यवनाला अश्विनीकुमारांनी पुन्हा तारुण्य दिले, ही कथा ऋग्वेदाइतकी जुनी. महाभारतात शर्याति राजाची कन्या सुकन्या हिचा हा वृद्ध पती जलाशयात बुडी मारतो आणि तरुण होऊन बाहेर येतो. तो चमत्कार सर्वस्वी देवांचा आहे. चरकसंहितेत मात्र चिकित्सास्थानाच्या आरंभीच, रसायनाच्या अध्यायात, पाचशे आवळे घेऊन सिद्ध करावयाचा च्यवनप्राश सांगितला असून, त्याच्या सेवनाने च्यवन पुन्हा तरुण झाला असे म्हटले आहे. देवांच्या हातची किमया अशा रीतीने वैद्याच्या कढईत उतरली.

आवळ्याचा हा महिमा महाराष्ट्रालाही परका नाही. कार्तिकातील आवळीभोजन आणि घरोघरचा मोरावळा त्याची साक्ष देतात. या फळात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते, हे आधुनिक रसायनशास्त्राने दाखवून दिले. तेथपर्यंतचा मार्ग मात्र समुद्रावरून गेला. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने स्कर्व्हीने ग्रासलेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. या रोगात हिरड्यांतून रक्त येई, इतकेच नव्हे तर वर्षांपूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उकलत. १९२८ मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी एक आम्ल वेगळे केले. तेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे या जीवनसत्त्वावाचून नीट घडत नाहीत. जुन्या जखमा उकलण्याचे कारण हेच होते.

१९५६ मध्ये अमेरिकेतील डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याची एक उपपत्ती मांडली. शरीरात सतत निर्माण होणारे मुक्तमूलक पेशींची झीज घडवितात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांना निष्प्रभ करणाऱ्या, म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक, द्रव्यांत क आणि ई ही जीवनसत्त्वे येतात. मग काय, च्यवनाच्या कथेला जणू प्रयोगशाळेचा आधार सापडला! परंतु उपपत्ती म्हणजे उपचार नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. क जीवनसत्त्वाच्या लेपांची अडचण वेगळी. हवा व प्रकाश लागताच ते द्रव्य बिघडते आणि त्वचेच्या आत सहजी शिरत नाही. त्यामानाने अ जीवनसत्त्वापासून झालेल्या ट्रेटिनॉइनचा पुरावा भक्कम आहे. १९८६ मध्ये अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाने झिजलेली त्वचा त्या औषधाने काही अंशी सुधारते, असे दाखविले. तथापि त्याने त्वचेचा दाह होतो. गर्भवतींनी ते वर्ज्य करावे लागते.

आशा आणि पुरावा यांतील हे अंतर राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आले. १९५४ मध्ये दिल्लीत संसदेने औषधांच्या व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. हमदर्द दवाखाना आदींनी त्यास आव्हान दिले, तेव्हा डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही भाग रद्द केला. परंतु अशा व्यापारी जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळत नाही, हे तत्त्व मान्य केले. औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांत, अकाली वार्धक्याचाही समावेश झाला.

त्वचेच्या वार्धक्याचा मोठा वाटा वयाचा नसून उन्हाचा असतो. वृद्धाचा चेहरा आणि त्याच्याच दंडाची सदैव झाकलेली त्वचा शेजारी ठेवून पाहिली, तर याची खात्री पटते. दिल्लीच्या ज्येष्ठातील उन्हात डोक्यावर घेतलेला पदर किंवा छत्री पुष्कळशा महागड्या लेपांहून अधिक काम करते. आवळा आहारात आदराने राहावा. त्याचे मोल खरे आहे. च्यवनाचे यौवन मात्र अश्विनीकुमारांनाच देता आले.