ठेक्याची व्याख्या करणारा कायदा : ब्रिटन, १९९४

१/ संगीत म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम संसद सहसा करीत नाही. ब्रिटिश संसदेने १९९४ साली ते केले. ब्रायन वेल्श दिग्दर्शित ‘बीट्स’ (२०१९) या चित्रपटामागचा इतिहास हाच. #थ्रेड

२/ १९९४ चा उन्हाळा. स्कॉटलंडमधल्या लहान गावातील जॉनो आणि स्पॅनर हे दोन मित्र विनापरवाना रेडिओवरील डीजेच्या हाकेला ओ देत बेकायदा ‘रेव्ह’कडे निघतात. कीरन हर्ली यांच्या नाटकावर बेतलेल्या या कृष्णधवल चित्रपटावर येऊ घातलेल्या कायद्याची सावली आहे.

३/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोचे ‘हाऊस’ आणि डेट्रॉइटचे ‘टेक्नो’ ब्रिटनमध्ये रुजले. क्लब लवकर बंद होत. म्हणून तरुण डीजे गोदामांत आणि माळरानांवर ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारू लागले. १९९० मध्ये विनापरवाना कार्यक्रमांसाठीचा दंड २०,००० पौंडांपर्यंत वाढला; तरी रेव्ह थांबले नाहीत.

४/ मे १९९२. वूस्टरशायरमधील कासलमॉर्टनच्या गायरानावर किमान २०,००० लोक जमले आणि जवळजवळ आठवडाभर संगीत थांबले नाही. दूरचित्रवाणीवरील बातम्यांनी गर्दी आणखी वाढवली. आसपासच्या रहिवाशांची झोप उडाली, घाण साचली. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

५/ ‘स्पायरल ट्राइब’ या गटाशी संबंधित १३ जणांवर सार्वजनिक उपद्रवाच्या कटाचा खटला चालला. १९९४ मध्ये ज्युरीने सर्वांना निर्दोष ठरवले. मात्र तोवर सरकारचे नवे विधेयक संसदेत दाखल झाले होते.

६/ त्यातील कलम ६३ असे : उघड्यावर, रात्री, १०० किंवा अधिक लोक आणि रहिवाशांना गंभीर त्रास होईल असे ध्वनिवर्धकावरील संगीत. दोन माणसे तयारी करताना आढळली तरी पोलीस त्यांना हुसकावू शकत. यंत्रणा जप्त होई. पाच मैलांच्या परिघात, तिकडे निघालेल्यांना वाटेतूनच परत पाठवता येई.

७/ खरी मेख व्याख्येत होती. एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके हे ज्यांचे मुख्य लक्षण, असे ध्वनीही ‘संगीतात’ धरले गेले. वास्तविक पुनरावृत्ती हा प्रत्येक ठेक्याचा प्राण. तबल्यावरचा त्रितालही तिच्यावरच उभा आहे. कायद्याचा रोख मात्र एका विशिष्ट पिढीच्या संगीतावर होता.

८/ ‘ऑटेकर’ या जोडीने त्याच वर्षी ‘अँटी’ ही तबकडी काढली. तिच्यातील ‘फ्लटर’ या रचनेत ठोक्यांची मांडणी सतत बदलत राहते. डीजेंनी ती वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवावा, असा उपरोधिक सल्ला वेष्टनावर छापला होता.

९/ लंडनमध्ये वर्षभरात तीन मोठे मोर्चे निघाले. ऑक्टोबरमधील मोर्चाची अखेर हाइड पार्कजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत झाली. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी कायद्यावर राजमोहोर उमटली.

१०/ २००३ मध्ये १०० ची मर्यादा २० वर आली आणि ‘उघड्यावर’ ही अटही गेली. रहिवाशांच्या झोपेचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्यच. परंतु त्यासाठी आवाज मोजणे पुरेसे होते, ठेका तपासण्याची गरज नव्हती. गोंगाट आवरण्यासाठी केलेला कायदा एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यापर्यंत कसा पोहोचतो, हे कलम ६३ वाचताना कळते.