वसंतराव देशपांडे यांनी नोकरी कधी सोडली?

डॉ. वसंतराव देशपांडे म्हटलं की ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब आठवतात. पण हे नाटक आलं १९६७ मध्ये, तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. त्याआधी जवळपास दोन तपं त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. नोकरी पुण्यातली, पण बदलीवर पार ईशान्य सीमेपर्यंत जावं लागलं. १९३५ च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात बाळकृष्ण झालेला, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेला हा गायक तबला आणि हार्मोनियमही वाजवायचा. मैफली होत होत्या, नावही होतं. घर मात्र पगारावरच चालायचं. अखेर नोकरी सोडली तेव्हा पंचेचाळिशी आली होती. खाँसाहेबांची भूमिका तर अजून हातात आलीही नव्हती!