'बँड बिघडला' हा कशाचा पुरावा?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका टिपणात लिहिलं होतं : '२०११पासून ओपेथचा ऱ्हास सुरू झाला.' मॅडमनी 'ऱ्हास' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला : 'कोणासाठी?' खरं सांगतो, राग आला. ओपेथ माझा बँड होता! पण संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की असं एखादं वाक्य तुमच्याही हातून उतरणार आहे, म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ओपेथ हा स्टॉकहोमचा प्रोग्रेसिव्ह मेटल बँड. मिकाएल ओकरफेल्ट हा त्याचा गायक, गिटारवादक आणि मुख्य रचनाकार. ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला गुरगुरता आवाज, आणि त्याला लागूनच अगदी हळुवार गाणं, ही त्यांची ओळख. २००१चा 'ब्लॅकवॉटर पार्क' ऐकला आणि मी त्यांचा झालो. मग २०११ला 'हेरिटेज' आला. त्यात ग्राउल औषधालाही नाही. सगळा बाज सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा. बरेच जुने चाहते दुखावले. मीही.

आता माझं वाक्य कालक्रमावर घासून बघू. २००३च्या 'डॅम्नेशन'मध्येही ग्राउल नाही. १९९८च्या 'माय आर्म्स, युअर हर्स'चं नाव कोमस या इंग्लिश बँडच्या १९७१च्या गाण्यातल्या शब्दांवरून घेतलंय. आणि 'ब्लॅकवॉटर पार्क' हे तर सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडचं नाव! म्हणजे ज्या 'नव्या' वळणाने मी दुखावलो, त्याची खूण माझ्या लाडक्या अल्बमच्या कव्हरवरच छापलेली होती. मी ती शंभरदा पाहिली होती, पुरावा म्हणून एकदाही वाचली नव्हती.

मग चाहते चुकले का? इथे घाई करू नका. माझी दुसरी चूक तीच होती. मी सगळी नाराजी 'भावनिक' म्हणून खोडून टाकली. पण बघा, 'डॅम्नेशन' हा २००२च्या 'डिलिव्हरन्स'सोबतच ध्वनिमुद्रित झालेला. एक जड, एक हळुवार, अशी जोडी. त्यामुळे तेव्हा काही हरवल्यासारखं वाटलं नाही. 'हेरिटेज'नंतर मात्र २०१४, २०१६ आणि २०१९चे अल्बमही ग्राउलशिवाय आले. कार्यक्रमांत जुन्या गाण्यांत तो आवाज चालू होता, म्हणजे गळा गेला नव्हता; निवड बदलली होती. २००८च्या 'वॉटरशेड'नंतर स्टुडिओ अल्बमवर ग्राउल परतला तो थेट २०२४च्या 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट'मध्ये. सोळा वर्षं! खंड खरा होता.

मुद्दा हा, की अल्बममध्ये काय आहे ते अल्बम सांगतो. काय नाही, ते वाट बघणाराच सांगू शकतो. चाहत्याची नाराजी संगीताच्या दर्जाचा पुरावा नसते. ती अपेक्षेचा पुरावा असते. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे सतत पुढे जाणं की एक ठरलेली शैली जपणं, हे भांडण त्या नाराजीतच सापडतं.

तुमच्या विषयातही हे करून बघा. ऱ्हास, सुवर्णकाळ, अस्सल असे शब्द अधोरेखित करा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, आणि त्याने ऐकायला सुरुवात कुठून केली. विषय शेतीचा असो की नाटकाचा, चालेल. आणि शेवटचं साल जपून ठरवा. माझी 'ऱ्हासाची' गोष्ट २०२४ने एका फटक्यात मोडली असती.

ते वाक्य मी अखेर प्रश्न म्हणून लिहिलं : '२०११ साली जुन्या चाहत्यांना ओपेथकडून नेमकं काय हवं होतं?' मॅडमनी काही खोडलं नाही.

'हेरिटेज' मला अजूनही फारसा आवडत नाही. तेही वहीत लिहून ठेवलंय, तारीख घालून.